एक ते पाच

पीएच.डी.वाली मुलगी दोघींनाही एकच फॉर्म देऊन गेली,
वैजूला सरकारीत, मला कर्वे रस्त्यावर, चौथ्या मजल्यावर.
'योग्य आकड्याभोवती गोल करा.'
रविवारी रास्ता पेठेतल्या खोलीत,
वाळत घातलेल्या दोन युनिफॉर्मखाली बसून
आम्ही गोल करायला घेतले.

वैजूचे सगळीकडे पाच.
धैर्य पाच, चिकाटी पाच, विनोदबुद्धीला तर सहाच हवा होता.
साठ खाटांना एक सिस्टर, म्हणाली,
अजून काय पुरावा पाहिजे यांना?
तिच्या आवाजाने जिन्यातले नातेवाईक
वडापावचा कागद खिशात कोंबतात.
स्टँडची वाट न बघता
सलाईन खिडकीच्या गजाला बांधणारी बाई.

माझ्याकडे स्टँड आहेत. चाकांचे, न कुरकुरणारे.
नावाची पट्टी आहे, आणि एक हसू,
जे सोमवारच्या ट्रेनिंगमध्ये मिळालं.
पेशंट नाही, 'गेस्ट' म्हणायचं.
मी तीन, तीन, तीन करत आले
आणि 'मला माझ्या निर्णयांवर विश्वास आहे'
इथे पेन्सिल थांबली.

गुरुवारची रात्र.
चारशे सातमधल्या पावणेदोन वर्षांच्या पोराची ऑर्डर,
टिंबाशिवाय.
टिंब केवढं असतं? साखरेच्या दाण्याएवढंही नाही.
ते नसलं की औषध दहापट.
डॉक्टरांचा एक पाय लिफ्टमध्ये.
सर, हे...
आवाज असा कापला
जसा चौथीत पाढे म्हणताना कापायचा.
सर, हे मी देणार नाही. आधी बघा.
लिफ्टचं दार दोनदा त्यांच्या बुटाला आपटून मागे गेलं.
त्यांनी पाहिलं. टिंब दिलं. गेले.
सिरिंज भरताना हात स्थिर होते,
नंतर कपाटाला टेकून
मी सुया उगाचच दोनदा मोजल्या.

वैजूला हे सांगितलं.
नेहमीसारखा विनोद केला नाही तिने.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
गेल्या महिन्यात मलाही एक दिसलं होतं.
कोणावर ओरडायचं ते मला कळतं गं.
कोणावर नाही, तेही.

खाली कुणीतरी रिकामा सिलिंडर फरपटत नेला.
तिने हात पुढे केला, खोडरबर दे.

ती पाच खोडत राहिली, कागद विरेपर्यंत.
मी माझ्या ओळीत गोल केलाच नाही,
समासात बारीक अक्षरात लिहिलं:
आवाज कापतो. तरी बोलते.