ओळ दोनशे बारा

श्रावण वद्य तृतीयेला
चोडणच्या मानशीवरचा भोंगा वाजला नाही.
दाराच्या फटीत ओंडका अडकलेला,
खाडी आत आली, कोरगुटाच्या रोपांत
अडीच तास उभी राहिली,
आणि आली तशी गेली.
कोरगुट खारं सोसतं, म्हणून फार ओरडा झाला नाही.
एक फोन आला फक्त.

पर्वरीला, दुसऱ्या मजल्यावर, मी तपासनीस लावला.
हे साधन कोड चालवत नाही, नुसतं वाचतं;
ताटातल्या तांदळात बोट फिरवावं तसं.
खडे दाखवतं. काढत नाही.

एक हजार चारशे सदतीस इशारे.
चल घोषित केलं, वापरलं नाही.
ही अट नेहमीच खरी.
या ओळीपर्यंत कुणी पोहोचणार नाही.
(ही शेवटची मी दोनदा वाचली.)
पिवळ्या त्रिकोणांची ही रांग रोजची.
रोज दिसणारं दिसेनासं होतं;
आम्ही सगळेच ती बोटाने वर सरकवून
चहाला जायचो.

लॉग कोरे. भोंग्याची तार शाबूत.
सर्व्हर म्हणतो, मी जागा होतो.
मग रायबंदरहून फेरी घेतली.

इनास बांधावर पागोळं दुरुस्त करत होता.
मी टॅब उघडून त्याला भरतीचा तक्ता दाखवला:
आदल्या रात्री अकरा अडतीस,
मग दुपारी बारा चार,
मग रात्री बारा एकोणतीस.
तो जाळ्यातून मान वर न करता म्हणाला,
"बाय, दर्याक कसली गो मध्यानरात?"

मी मोजलं.
अकरा अडतीस, ती कालची.
बारा एकोणतीस, ती उद्याची.
तृतीयेच्या वाट्याला
एकच भरती.

परतीच्या फेरीत, दोन स्कूटर आणि माशांच्या टोपलीमधे उभ्याने,
मी ओळ दोनशे बारा उघडली.
तिथे लिहिलं होतं: दिवसाची दुसरी भरती घ्या.
दुसरी नव्हती.
रिकाम्या जागी हात घालून प्रोग्रॅम मध्यरात्रीच कोसळला,
आणि खालच्या रिकाम्या कॅचने
त्याचं तोंड दाबलं.

तपासनिसाने सांगितलं होतं की.
दुसरा घटक नसू शकतो, इतक्याच शब्दांत.
पण इशाऱ्याच्या डोक्यावर कुणीतरी टीप ठेवलेली:
दुर्लक्ष करा. रोज दोन भरत्या असतातच.

मी गिट ब्लेम चालवलं.
म्हणजे, सोप्या मराठीत, हे पाप कुणाचं.
गौरांग कुंकळ्येकार. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून
बंगळूरला गेलेला, त्यामुळे सोयीचा.
मला बरं वाटलं, फेरी धक्क्याला लागेपर्यंत.
मग खालची बारीक ओळ:
तपासून मंजूर.
आणि माझं नाव.
वेळ संध्याकाळची पाच बावन्न, शुक्रवार.
त्या शुक्रवारचं काहीच आठवत नाही.
पाच बावन्नला मी नेहमी पर्स शोधत असते.

दुरुस्ती चार ओळींची.
तारीख सोडून दिली, भरत्या नुसत्या एकामागे एक लावल्या,
इनास मोजतो तशा.
चाचणीला नाव दिलं: एक_भरतीचा_दिवस.
वर्षभराचा तक्ता त्यातून काढला, सगळ्या तृतीया,
काही द्वितीया, सगळं हिरवं.
इशारे आता एक हजार चारशे छत्तीस.

ऑफिस रिकामं झालं होतं.
मी आणखी एक शोध टाकला: दुर्लक्ष करा.
एक्केचाळीस ठिकाणं निघाली.
बाटलीतलं पाणी संपवून वाचायला बसले.
पहिलं ठीक होतं, खरंच दुर्लक्ष करण्याजोगं.
दुसऱ्यावर लिहिलं होतं:
असं कधी होत नाही.

ते अक्षर टाइप केलेलं, तरी ओळखलं.
असं मीच लिहिते.