खाच दांडीकडे

महापेला गाळा नंबर सदतीस, पोटमाळ्यावर,
रबाळ्याची पेजर कंपनी बंद पडली तेव्हा
लिलावातून उचललेला हा प्रोग्रामर:
चाळीस पायांचं सॉकेट, बाजूला छोटी दांडी,
मागे प्रिंटरची ती जाड केबल,
जिच्यासाठी आजही मी एक म्हातारा पीसी पोसते.
नव्या लॅपटॉपला ते भोकच नाही.
बायोसमध्ये शिरून पोर्टची सवय बदलावी लागते,
नाहीतर पडद्यावर सारखं तेच: यंत्र सापडले नाही.
समोरच असतं बिचारं. हिरवा दिवा लावून.

कुट्टीसाहेबांनी शिकवलं.
मराठी त्यांचं कामापुरतं, पण पक्कं:
"खाच दांडीकडे. आधी बघ, मग दाब.
उलटी बसली तर साडेबारा व्होल्ट भलत्या पायातून शिरतात,
मग चटका तुझ्या बोटाला, आणि गिऱ्हाइकालाही."
यादीत आठ हजार चिपा.
आधी कंपनी, मग नंबर, नंबराचं शेवटचं अक्षरसुद्धा.
"आडनाव एक म्हणून नवरा एक नसतो," म्हणायचे,
आणि स्वतःच हसायचे.

मे महिन्यात घणसोलीहून पुंडलिकशेठ आले,
चिप रुमालात बांधून, जशी अक्कलदाढ.
भंगाराच्या काट्याचा मेंदू. काटा मधेच आकडे विसरतो.
"जसाच्या तसा दुसरा करून द्या, ताई."

पाय काळे पडलेले, एक तर तुटायच्या बेतात.
वाचली. पुन्हा वाचली. बेरीज दर वेळी वेगळी.
शाळेतल्या खोडरबरानं एकेक पाय घासला,
मग तीनदा वाचली, तिन्ही वेळा एकच बेरीज.

त्याच काट्याची कारखान्यातली फाइल माझ्याकडे होती,
कुट्टीसाहेबांच्या फ्लॉपीतून वाचलेली.
सहज म्हणून शेजारी शेजारी लावल्या.
बत्तीस हजार सातशे अडुसष्ट घरं,
त्यातल्या तीन घरांत कुणीतरी बिऱ्हाड बदललेलं.

तीनच.
हिशेब केला पाकिटाच्या पाठीवर:
किलोमागे पन्नास ग्रॅम.
पूर्वी दांडी मारायला निदान अंगठा लागायचा.

माझी दोन वर्षांची रद्दी ह्याच काट्यावर गेली होती.
ते सोडा.
कमळ पण तिथंच जाते, पोतं पाठीवर,
मला सोल्डरसाठी तारेची भेंडोळी बाजूला काढून ठेवणारी.

"शेठ, दोन निघाल्यात. कुठली लिहू?"
शेठनी पंख्याकडे पाहिलं, मग चहाकडे.
"पहिल्यापासून आहे ती लिहा."

बरं, म्हटलं. पहिल्यापासूनचीच.

कोरी चिप. खाच दांडीकडे. दांडी खाली.
कोरी आहे का ते तपासलं: सगळीकडे एफएफ एफएफ,
कोरं म्हणजे शून्य नसतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा
मी दिवसभर त्याचाच विचार केला होता.
लिहायला घेतली. पंखा फिरत होता, शेठ घड्याळ बघत होते.
शेवटी पडद्यावर: पडताळणी यशस्वी.

याचा अर्थ एवढाच, की दिलं तेवढं उतरलं.
दिलेलं खरं होतं का, हे यंत्र विचारत नाही.

दीडशे रुपये घेतले. शेठ गेले.
जुनीची खिडकीवरची पट्टी सोलली
आणि तिला जांभळ्या दिव्याच्या डब्यात ठेवली, वीस मिनिटं.

परवा फोन. "ताई, काटा बिघडला. जास्त दाखवतोय."
म्हटलं, लिटरभर पाण्याची बाटली ठेवा.
पलीकडे ठेवल्याचा आवाज.
"किती?"
"एक किलो वीस."
"वीस बाटलीचे, शेठ."
बराच वेळ कुणी बोललं नाही,
मागे कुणाचं तरी पोतं ओतलं गेलं, पत्र्याचं असावं.

वागळे इस्टेटात म्हणे एकानं नवा घेतलाय, यूएसबीवाला.
तो विचारतो का, कुठली लिहू, मला माहीत नाही.
कमळ अजून आली नाही.
खोडरबर संपत आलंय, तेवढं आणायला हवं.