बाई, जमा

सियागंजात, डबेवाल्यांच्या ठोक दुकानाला लागून
नीळूभाऊ लघाटेंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान.
बसायला एकच स्टूल, त्यावरही बहुतेक वेळा
कुणाचा तरी उघडा ट्रान्झिस्टर.

मी तेव्हा मल्हारगंजच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचो.
ते इंग्रजी गाणं आमचं हुकमी,
कॅसेटवरून उचललेलं, गोऱ्या पोरांच्या कुठल्याशा टोळीचं.
वरात कोपऱ्यावर आली की तेच,
नवरदेवाचे मित्र घोडीपुढे रस्त्यावर लोळायचे.

"हे त्यांचं नाही रे," नीळूभाऊ एकदा म्हणाले
आणि गोणपाटातून एक तवा काढला.
महूच्या मिसेस डिक्रूज ऑस्ट्रेलियाला निघाल्या तेव्हा
तांब्याच्या बंबासोबत वजनावर विकून गेलेल्या.

सुई टेकली.
आधी नुसतं तळण.
मग एक बाई खोकली.
खरंच. ते खोकणं कुणी काढून टाकलं नव्हतं.
आणि गायला लागली,
तीन जिने चढून आल्यावर कुणी बोलावं तशी.

गाणं तेच. पण दुसऱ्या ओळीनंतर ती थांबायची.
ड्रम एकटाच चालायचा, चार पावलं,
कुणी दाराशी येऊन
कडी न वाजवता परत जावं तसा.
पोरांनी नेमकी तीच जागा
टाळ्यांनी बुजवली होती.

लेबलावरचं नाव बोटांनी पुसलेलं,
शेवटची दोन अक्षरं उरलेली, तीही अर्धी.
"बाई म्हण," नीळूभाऊ म्हणाले,
"आपल्याला काय पत्र धाडायचंय?"

त्या रात्री राजमोहल्ल्यात वरात.
दुसऱ्या ओळीनंतर मी ट्रंपेट ओठांवरून काढलं.
एक.
दोन.
ढोलवाला सलीम माझ्याकडे बघतोय.
तीन,
डोक्यावर गॅसबत्ती घेतलेली एक बाई
चालता चालता थबकली
आणि नवऱ्याचा मामा ओरडला,
"क्या हुआ भिया, बंद पड़ गए क्या?"

चार झालंच नाही.
मी पोरांसारखंच वाजवलं, त्यांच्याहून झपाट्यानं.
मामानं दहाची नोट ओवाळून माझ्या खिशात खोचली.

सकाळी ती नीळूभाऊंच्या टेबलावर ठेवली.
"कशाचे?"
"बाईंचे."
हसले नाहीत. सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवून
हिशेबाची वही ओढली,
जमेच्या बाजूला दहा रुपये लिहिले
आणि नावाच्या जागी, तवा उजेडाला धरून,
ती दोन अक्षरं
दिसली तशी काढली.