पुरे

टॅबमध्ये आधीपासून एक बाई होती.
ती "पाणी" म्हणायची तेव्हा
कुणालाच तहान लागलेली नसायची.
धनेश बोट ठेवायचा, ती बोलायची,
आणि तो टॅब उलटा करून
मागे कोण आहे ते बघायचा.

वाशीच्या सेंटरमधल्या अल्पना मॅडम म्हणाल्या,
घरातला आवाज भरा.
घरात आवाजाची नोकरी माझी.
महापेला बसून दिवसाला नव्वद जणांना सांगते
की त्यांचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
एका रात्री गोधडीत शिरले,
पंखा बंद, घामाने निथळत,
एकशे अठरा शब्द भरले भावासाठी.
भात. दुखतंय. संडास. बाहेर. आई. नको.
"मासा"वर कंपनीने दिला होता
काचेच्या भांड्यातला नारिंगी मासा.
दिवाळ्याच्या कोळीवाड्यात तो कोण ओळखणार?
तो काढला, वलांडीवरच्या बोंबलांचा फोटो टाकला.

एकोणिसाव्या वर्षी माझा भाऊ
माझ्या आवाजात "नको" म्हणाला.
मॅडमनी टाळ्या वाजवल्या.
आईने ताटातली भेंडी निमूट काढून घेतली,
पहिल्यांदाच, हात न चावून घेता.

मग "पुरे" सुरू झालं.
ताट समोर नसताना पुरे.
टीव्ही बंद, पंखा मंद, कुणी काही म्हणत नाही, पुरे.
वहीत रकाने होते:
वेळ, आधी काय घडलं, काय केलं, नंतर काय घडलं.
मंगळवारी एक्केचाळीस वेळा.
बुधवारी सदतीस.
अरे पण काय पुरे?
मी आवाज कमी केला तर त्याने
टॅब कानाला लावला, शंख लावावा तसा.
फाइलमध्ये उद्दिष्ट लिहिलं गेलं:
निरर्थक पुनरावृत्ती, दहाच्या आत आणणे.

"आधी काय घडलं" या रकान्यात
नऊ दिवस मी लिहिलं, काही नाही.
दहाव्या दिवशी, पेन हातात होतं आणि दार उघडं होतं म्हणून,
लिहिलं: आई टोपली घेऊन नेरूळच्या मार्केटला गेली.
मग पानं मागे उलटली
आणि नऊ वेळचं काही नाही
एकेक करून खोडलं.

तरी पुरेच का?
"आई"चं बटण आहे की, तिच्या फोटोसकट,
हिरवी नऊवारी, कपाळावर आठी.
शेवटी कामावरचा हेडफोन लावून ऐकलं.
पुरे. माझाच आवाज, जरा दमलेला.
आणि त्याच्या शेपटाला,
गोधडीच्या पलीकडून, भांड्यांच्या मागून,
बारीक,
"जेवलीस का गो?"

आईच्या फोटोवर बोट ठेवलं तर बोलते मी.
एकशे अठरा बटणांत
ती स्वतः एकाच ठिकाणी होती
आणि ते त्याने शोधून काढलं होतं.

मॅडमनी हेडफोन काढला,
बराच वेळ टेबलावरची वायर गुंडाळत राहिल्या.
मग फाइलमधली ती ओळ स्वतःच्या हाताने कापली
आणि वर तारीख घातली.

आईला माइकसमोर बसवलं.
भर बाजारात चार गल्ल्या ऐकू जाईल
असं ओरडणारी बाई, तोंडच उघडेना.
पदराने माइक पुसला.
माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.
"आयलू रं बाला, आयलू."

नवं बटण धनेशने एकदा दाबलं.
ऐकलं. हसल्यासारखं केलं.
आणि परत "पुरे"वर गेला.
त्यात भांडी होती ना.

आता आमच्याकडे असंच चालतं.
परवा उलव्याची मावशी जेवायला आली,
मी भात वाढायला वाकले,
ती हात आडवा धरून म्हणाली, पुरे गं, पुरे,
आणि धनेश ताटावरून उठून
दारात जाऊन उभा राहिला.