भरती, रिकामी

उजाडायच्या आत लघवीला जाऊन येतो,
बनियन काढून काट्यावर उभा राहतो.
अठ्ठावन्न सहाशे.
कारखान्याच्या जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहितो:
तारीख, वजन, पायाला सूज नाही.
खाली सही. सवय गेलेली नाही.

मिरजेत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हार्ट फेल्युअर,
आणि राजमतीनं तोंडावर पदर घेतला.
आमच्या समडोळीत हार्ट फेल होतं
ते माणूस गेल्यावरच.
मी तर तिच्या शेजारीच बसलो होतो.

तस्नीमबाई हसल्या नाहीत. कागद ओढला.
"अण्णा, बंद पडलेलं नाही, दमलंय.
दर ठोक्याला भरतं, पण पुरतं उपसत नाही.
अठ्ठावीस टक्के."
कळलं, म्हणालो.
भरून आली गाडी, एक वजन,
रिकामी झाली, दुसरं,
वजाबाकी म्हणजे ऊस.
चौतीस गळीत हंगाम हेच केलं.
माझी गाडी बहात्तर टक्के माल तसाच घेऊन
गव्हाणीवरून परत फिरतेय.
"मग शंभर टक्के कुणाचं?"
"कुणाचंच नाही. साठ म्हणजे ठणठणीत."
हे ऐकून फार बरं वाटलं,
का ते अजून सांगता येत नाही.

चार गोळ्या. चौथी साखरेची.
बाई, मला साखर नाही.
"मधुमेहवाल्यांसाठीच केली होती.
हृदयाला अपाय तर करत नाही ना, एवढंच तपासायला निघाले,
तर दवाखान्याच्या खेपाच कमी झाल्या.
मग साखर नसलेल्यांना दिली. तेच."
ती करते काय नेमकं?
"लघवीवाटे साखर काढते. बाकीचा वाद अजून चाललाय."

वाद चाललेली गोळी मी बिनघोर गिळतो.
जन्मभर साखर पोत्यात जाताना बघितली,
आता राजमती म्हणते,
मोरीत मुंग्या लागल्यात बघा.

दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा, रात्र असली तरी.
दोन किलो!
ट्रॉलीमागं दीड क्विंटल दाबायचा तोंडी हुकूम होता.
दाबला मी. सगळ्यांचा नाही.
पायगोंडा चौगुल्याचा दाबला,
तो खिडकीशी उभा राहून आकडा वाचत राहिला,
बोलला काहीच नाही.

भावकीच्या लग्नात पापड, लोणचं, दोन दिवस सगळं खाल्लं.
तिसऱ्या सकाळी साठ आठशे.
एकोणसाठ लिहायला हात गेला,
लिहिलंसुद्धा.
मग खोडून फोन केला.

सहा महिन्यांनी छातीला गार जेली, पडद्यावर करडी उघडझाप.
एकोणचाळीस.
"पस्तीसला पास न्हवं?" राजमतीनं विचारलं.
या वेळी बाई हसल्या.
"पास. पण गोळ्या सोडायच्या नाहीत."

बाहेर बाकावर पायगोंडा, मांडीवर त्याची फाईल.
"किती भरलं?"
सांगितलं.
त्यानं चष्मा लावला,
माझ्या हातातला कागद घेतला
आणि आकडा स्वतः वाचला.