एका श्वासात

पहाटे चारला जीप आली. मागे ताडपत्रीवर तो,
आणि त्याच्याआधी त्याचा वास:
आंबलेल्या बोंडांचा, हुर्राकाचा, ओल्या गोणपाटाचा.
"चढलीय," जीपवाला म्हणाला,
"सलाइन लावा, दुपारपर्यंत उठेल."

मार्चपासून असे आठदहा येऊन गेले होते.
माझा हात बाटलीकडे गेलाही होता.

बाबलो झोरे. वय एकतीस. काम: काजूची भट्टी.
पोटात दुखतं म्हणाला. शब्द जिभेला चिकटलेले.
पापण्या अर्ध्यावर,
दुकानाचं शटर मध्येच अडकावं तशा.

वर बघ, म्हटलं.
कपाळ वर गेलं, भुवया वर गेल्या.
पापण्या गेल्या नाहीत.

दारूतला माणूस डोळे मिटतो.
हा उघडायला धडपडत होता.

बायको दारातच, पदराचं टोक दातांत.
"पितो का?"
"थेंबसुद्धा नाही गो बाय, सातेरीची आण.
कोळंबीत बोंडं तुडवतो दिवसभर, वास जात नाही अंगाचा."
"निजला कुठे?"
"भट्टीशीच. भुंयवर."

भुंयवर.

मग टॉर्च. पोटऱ्या, बोटांच्या बेचक्या, कानामागे, केसांत.
कुठे काही नाही. ना ठिपके, ना सूज.
मण्यार खूण ठेवेलच असं नाही,
हे मी एकदा पाच मार्कांसाठी लिहिलं होतं.

बाबलो, श्वास घे मोठा. त्या एकातच मोज, जमेल तितकं.
अठरापर्यंत गेला.
दहा मिनिटांनी परत.
चौदा.

होंडा, उसगाव, खांडेपार, फोंडा, मग बांबोळी. सव्वा तास.
व्हेंटिलेटर तिथे.
इथे एक रबरी पिशवी, हातानं दाबायची.
दहा मिनिटांत चार गेले, तर सव्वा तासात किती?
शरीर त्रैराशिक मानत नाही.

फोनवर बांबोळीचा कुणी तरुण आवाज:
"चावा दिसला?" नाही.
"मग कशावरून?" आकडे उतरतायत.
पलीकडे कुणाचा तरी मॉनिटर वाजत राहिला.
"समोर तुम्ही आहात," तो म्हणाला.

साप नसेल, तर दहा कुप्या वाया;
वर औषधानंच घसा सुजेल, बीपी कोसळेल.
साप असेल, तर मी खूण शोधत बसले.
दोन्ही चुकांखाली सही माझीच.
पण पहिलीत निदान हातांना काम होतं.

"दहा फोडा. ॲड्रेनॅलिन भरून उशाशी."
सिस्टर क्लेमेंतिनानं कुप्या तळहातांत फिरवल्या,
हलवल्या नाहीत. हलवलं की फेस येतो.

नऊ.
नवावर थांबून तो हसला असावा;
हसू ओठांपर्यंत आलं नाही, लाळ आली.
मान उचल म्हटलं. उशीनं सोडली नाही.

बाहेर रोहिदास माजिकनं गाडी वळवून ठेवलेली, इंजिन चालू.
पळवा, असं सगळ्यांचे डोळे म्हणत होते,
माझे पायही.
मी म्हटलं, थांबा.
नळी इथेच. टेबल हलत नाही तोवर.

माझ्या शेवटच्या नळीला दोन वर्षं झाली होती.
त्याच्या कानाशी वाकून सांगितलं:
झोपेचं औषध देतेय.
जाग आली तर हलता येणार नाही, ऐकू मात्र येईल. घाबरू नको.

पहिल्यांदा पोट फुगलं. काढली. पिशवी. पुन्हा.
दुसऱ्यांदा छाती उठली, दोन्ही बाजूंनी.

खांडेपारच्या पुलावर फटफटलं.
माझ्या हाताला गोळे आले तेव्हा
बायकोनं न विचारता पिशवी घेतली.
मोजून दाबायची, म्हटलं, पाचावर एकदा.
ती मोजू लागली, एक, दोन, तीन,
इंजिनाच्या वर आवाज चढवून,
त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

फोंडा अजून यायचं होतं.