खात्री: ०.३१

चोपन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी.
गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव चुकलेलं,
व्हर्नाचं व्हेरा झालंय. राहू दे.
सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

ऑर्लँडोच्या पूर्वेला विद्यापीठ. बाहेर जूनचं ऊन
गाड्यांच्या टपांवर चरचरतंय,
आणि प्रयोगशाळेत असा गारठा
की मी शाळेतला जुना स्वेटर घालून बसते,
कोपराला अजून शाईचा डाग.

आम्ही नऊजण. सगळे मास्तर.
कुणी गणिताचे, कुणी जीवशास्त्राचे,
एकजण संध्याकाळी फुटबॉलही शिकवणारा.
पहिल्या दिवशी सगळ्यांनी मागचे बाक धरले,
पोरांना ज्यावरून ओरडतो, नेमकं तेच.

माझा गुरू चोवीस वर्षांचा.
जासूर, समरकंदचा. मला मॅडम म्हणतो,
आणि मी चुकले की चहा करायला उठतो,
माझी चूक मला एकटीला सापडावी म्हणून.
अठ्ठावीस वर्षं शिकवतेय,
एवढी साधी युक्ती कधी सुचली नाही.

काम असं: ड्रोननं काढलेले फोटो,
झऱ्याचं हिरवट पाणी, त्यात समुद्रगाई,
करड्या, बटाट्यासारख्या, बिनघाईच्या.
प्रत्येकीभोवती चौकट काढायची.
माउस ओढा, सोडा. ओढा, सोडा.
यंत्र असंच शिकतं म्हणे:
हजारदा दाखवा, हजारदा चुकू द्या,
किती चुकलं ते मोजा, किंचित सरकवा.
मी हसले. काय झालं, जासूरनं विचारलं.
म्हटलं, काही नाही. माझा सातवा तास.

चौथ्या आठवड्यात, फोटो आठशे बारा.
यंत्र म्हणालं, दोन.
एक, खात्री ०.९७.
दुसरी तिच्या पोटाखाली, सावलीत,
खात्री ०.३१.
उत्तरपत्रिकेत मात्र एकच.
"यंत्र चुकलं, मॅडम. ही मूळ नोंद.
हिलाच आम्ही सत्य म्हणतो."

सत्य कुणी लिहिलं?

त्यानं फाईल उघडली.
मागचा जुलै. शुक्रवार, पावणेपाच.
ओस्वाल्दो पिसारो, किसिमी, आठवीचं विज्ञान.
म्हणजे आमच्यातलाच.
शुक्रवारी पावणेपाचला
मीसुद्धा कुणाच्या पोटाखाली बघितलं नसतं.

फोटो मोठा केला. अजून मोठा.
पिक्सेल फुटून फरश्यांसारखे दिसायला लागले तोवर.
आईच्या वल्ह्यासारख्या हाताखाली
एक बोटभर नाक,
पाण्यावर दोन बारकी वर्तुळं.
पिल्लू.

त्या रात्री वसतिगृहाच्या अरुंद पलंगावर
मला ट्रेमेन हॅगिन्स आठवला.
शेवटून दुसरा बाक.
त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं:
लक्ष नसतं. फळ्यावरचं उतरवून घेत नाही.
माझं अक्षर, माझी सही.
तेच सत्य म्हणून पुढच्या वर्गात गेलं,
तिथून त्याच्या पुढच्या.
तीन वर्षांनी धाकट्या बहिणीला न्यायला आला,
डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा.
दारातच थबकला, वर बघत राहिला.
"मिस, हे घड्याळ आधीपासून इथंच होतं?"

नोंद बदलायला अर्ज लागतो. भरला.
बदलाचं कारण, या रकान्यात लिहिलं: खाली बघा.
जासूरनं ते खोडून व्यवस्थित इंग्रजी घातलं.
यंत्राची अचूकता शून्य पूर्णांक दोन टक्क्यांनी वाढली,
आणि तो प्रामाणिक मुलगा म्हणाला,
"मॅडम, एवढं तर आपोआपही हलतं."
मानधन गाडीच्या गिअरबॉक्समध्ये गेलं.
पोस्टरवरही व्हेराच.

ऑगस्ट. पहिला दिवस.
पोरं यायच्या आधी फळ्यावर एक समीकरण लिहिलं,
नेहमीच्या अक्षरात, नेहमीच्या खडूनं,
आणि जाऊन बसले
शेवटून दुसऱ्या बाकावर.

बेरीज की वजाबाकी,
मलाच दिसेना.